उपहास हा शब्द नेमका कुठे ठेवायचा?

इतरांनाही उत्तर कळावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलाची कथा लिहिली आहे. घरातला पहिलाच पदवीधर, इतवारीतल्या दुकानात हिशेब लिहिणारा आणि रात्री गुपचूप नाटक लिहीत बसणारा. कथेत 'उपहास' हा शब्द जागोजागी आला. एक मित्र म्हणतो, सगळीकडे 'उपरोध' कर. दुसरा म्हणतो, 'विडंबन' हवे. साहित्यात उपहास वापरतात कसा, हेही तुम्ही विचारले आहे. तुम्ही पाच वाक्ये दिली आहेत (तिसऱ्यातला बडगा म्हणजे नागपूरच्या मारबत मिरवणुकीतला पुतळा):

१. चौकातल्या पोरांनी त्याच्या नव्या बुटांचा उपहास केला.
२. "वा, फारच लवकर आलात!" शेठजी उपहासाने म्हणाले.
३. बडग्याच्या गळ्यातली पाटी म्हणजे महागाईचा उपहास होता.
४. आत्याने त्याच्या चालण्याचा उपहास करून दाखवला.
५. घरच्यांनी आयुष्यभर त्याच्या नाटकाचा उपहासच केला.

दोन्ही मित्रांचे एकेका वाक्यापुरते बरोबर आहे, पण त्यांनीही तुमच्यासारखाच एक शब्द पाचही ठिकाणी बसवायला घेतला. या पाचांपैकी चार वाक्यांत मी 'उपहास' ठेवणार नाही आणि त्या चारही ठिकाणी कारण वेगवेगळे आहे. अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे: हसून कमी लेखणे. अडचण येते ती पुढे. 'टर उडवली' म्हटले की काय घडले ते कळते. 'उपहास केला' म्हटले की घडलेल्या गोष्टीवर कुणीतरी निवाडा दिलेला असतो: ज्याला हसले ते हसण्याजोगे नव्हते आणि हसणाऱ्याने त्याची किंमत उतरवली. म्हणून हा शब्द लिहिण्याआधी एकच विचारायचे, हा निवाडा कुणाचा? पात्राचा, निवेदकाचा की नुसत्या सवयीचा?

सभापर्वातला प्रसंग घ्या. मयसभेत दुर्योधन पाण्याला जमीन समजून पडतो आणि पांडव हसतात. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य आपल्याला पाठ असते, पण ते नंतरच्या नाटका-मालिकांचे देणे आहे, व्यासांच्या सभापर्वात ते नाही. तिथे आहे ते हसणे. ते हसणे जिव्हारी लागले हे कळते ते पुढे, घरी परतलेल्या दुर्योधनाच्या तक्रारीतून. द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली आणि माझे मन पोळले, असे तो सांगतो. हसणाऱ्यांच्या लेखी ती घटकाभराची गंमत होती, ज्याला हसले त्याच्या लेखी उपहास. एकाच प्रसंगाला दोन नावे पडतात आणि कोणते नाव लिहायचे ते तुम्ही कुणाच्या खांद्यामागे उभे आहात यावर ठरते.

आता शब्दाची मुळे, कामापुरती. 'हस्' धातूला 'उप' लागून उपहास. त्याच धातूचे 'परिहास' हे दुसरे भावंड, पण स्वभावाने अगदी वेगळे. दोघांतला फरक कालिदासाकडे स्वच्छ दिसतो, आणि त्याच्या मेघदूताशी जोडल्या जाणाऱ्या रामटेकच्या इतक्या जवळ राहून त्याचे उदाहरण टाळणे बरे नव्हे. रघुवंशाच्या आरंभी तो म्हणतो, 'मन्दः कवियशःप्रार्थी गमिष्याम्युपहास्यताम्'. मी मंदबुद्धी आणि कवीच्या कीर्तीची हाव धरतो, उंच माणसाच्या हाताला येणाऱ्या फळासाठी हात उंचावणाऱ्या बुटक्यासारखा मी उपहासाला पात्र होईन. इथे लोक हसतील ते पायरी सोडून वर हात घातला म्हणून. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात मात्र दुष्यंत विदूषकाला सांगतो की शकुंतलेबद्दल बोललो तो सगळा परिहास होता, खरे मानू नकोस. परिहासात कुणाची उंची कमी होत नाही. मराठीत परिहास आज पुस्तकीच राहिला आहे, त्याचे काम थट्टा, मस्करी, चेष्टा हे शब्द करतात. उपहासाचे काम त्यांच्याकडून पूर्ण होत नाही, म्हणून तो टिकला.

आणखी एक तपशील वर्णन लिहिताना उपयोगी पडतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार आहेत. उत्तम पात्रांसाठी स्मित आणि हसित, मध्यम पात्रांसाठी विहसित आणि उपहसित, अधम पात्रांसाठी अपहसित आणि अतिहसित. उपहसिताचे वर्णन असे: नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे आणि डोके किंचित झुकलेले. भरताला तिथे टिंगल अभिप्रेत नसून हसण्याची पायरी अभिप्रेत आहे, हे लक्षात ठेवा. पण नटाला दिलेली ही सूचना लेखकालाही पुरते. 'तो उपहासाने हसला' यापेक्षा फुललेली नाकपुडी आणि तिरकी नजर जास्त सांगून जातात.

आता पहिले वाक्य. चौकातली पोरे नव्या बुटांना हसतात. पोरे उपहास करत नाहीत, ती टर उडवतात. मराठीत या कामासाठी शब्दांचे मोठे बिऱ्हाड आहे आणि प्रत्येकाचे क्रियापद ठरलेले आहे. टिंगल करतात किंवा उडवतात. टर, खिल्ली आणि रेवडी मात्र उडवतातच, 'रेवडी केली' म्हटले की कान टवकारतात. फिरकी घेतात. टोमणा मारतात. ठेंगा दाखवतात. जमावाने आरडाओरडा करून एखाद्याला पळवून लावले तर हुर्यो उडवली. कुचेष्टा आणि हेटाळणी करतात, पण दोन्हीत पाणी वेगळे: कुचेष्टेत थट्टेचा आव असतो आणि आत खोड काढायचा हेतू, तर हेटाळणीत थट्टाही नसते, सरळ तुच्छता असते. टवाळी ही रिकामटेकड्यांची. 'टवाळा आवडे विनोद' हा दासबोधातला चरण विनोदाच्या विरोधात ऊठसूट फेकला जातो, पण समर्थ तिथे कुणाला काय ऐकायला गोड लागते याची यादी देत आहेत, विनोदावर बंदी घालत नाहीत. असो.

क्रियापद चुकले की शब्द कितीही बरोबर असला तरी वाक्य परके वाटते. नागपुरात ही चूक हिंदीच्या शेजारामुळे जास्त होते. 'मजाक उडवली' हे आपण बोलतो आणि पात्राच्या तोंडी ते शोभतेही. निवेदनात मात्र 'मजाक उडवली' आणि 'उपहास केला' एकाच परिच्छेदात आले की निवेदक कोण आहे हेच कळेनासे होते. हिंदीत 'उपहास' बातम्यांतही सर्रास येतो, मराठीत तो तेवढा रोजचा नाही, थोडा जड आहे. ते वजन फुकट घालवू नका.

मग पहिल्या वाक्याचे काय करायचे? मी शब्द बदलण्याऐवजी प्रसंग लिहीन:

"अबे, नवरदेव निंघाला! घोडा कुठी बांधला बे?"
त्याने मान खाली घातली. बूट आणखीच चमकले.

इथे टर, टिंगल, उपहास यांतला एकही शब्द नाही आणि गरजही नाही. एवढी जागा नसेल तर 'पोरांनी त्याच्या नव्या बुटांवरून त्याची टर उडवली' एवढे पुरे. 'बुटांवरून त्याची' ही रचना मुद्दाम घेतली. हसायचे निमित्त बूट, हसायचे ते त्याला. निमित्त 'वरून'ने दाखवायचे आणि ज्याला हसायचे तो षष्ठीने, म्हणजे 'चा, ची, चे'ने. तुमच्या तिसऱ्या वाक्यातली गडबडही हीच आहे, तिच्याकडे येतोच.

दुसरे वाक्य तुमच्या पहिल्या मित्राचे. शेठजी उशिरा आलेल्याला 'फारच लवकर आलात' म्हणतात, म्हणजे बोलतात एक आणि सांगतात उलट. हा उपरोध. गंमत अशी की संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, त्रास. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात राजा तपोवनातल्या लोकांना 'उपरोध' होऊ नये म्हणून रथ थांबवायला सांगतो. मराठीत तो शब्द वाकड्या बोलण्यासाठी कसा वळला ते राहू द्या, पण जुन्या संस्कृत ग्रंथाच्या आधाराने मराठी उपरोधाची व्याख्या करायला जाऊ नका, फसाल.

दोघांतला फरक मी असा धरतो: उपरोध ही बोलण्याची रीत, उपहास हा हसण्याचा हेतू. म्हणून उपरोधाने उपहास करता येतो, उपरोधाशिवायही करता येतो आणि उपहास न करता उपरोध साधता येतो. आई नऊ वाजता उठणाऱ्या पोराला "उठलात का महाराज?" म्हणते तेव्हा उपरोध पुरेपूर आहे, उपहास तसूभरही नाही. उलट, गरीब घरची मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणते आणि समोरचा "तू आणि डॉक्टर!" म्हणून खो खो हसतो, तिथे शब्द सरळ आहेत आणि उपहास उघडा आहे.

मराठी उपरोधाची काही ठरलेली हत्यारे आहेत. ती ओळखता आली की 'उपरोधाने म्हणाला' लिहायची पाळीच येत नाही. सगळ्यांत धारदार म्हणजे आदरार्थी बहुवचन. रोज 'अरे' म्हणणारा माणूस अचानक 'या, बसा' म्हणाला की मराठी कान लगेच सावध होतो. तुमच्या वाक्यात शेठजी 'आलात' म्हणतात, हे फार चांगले साधले आहे, पण आधीच्या पानावरही ते त्याला 'तुम्ही' म्हणतात, त्यामुळे धार गेली. तिथे 'तू' करा आणि इथे फक्त असे लिहा:

शेठजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "या राजे! आज इतक्या लवकर?"

दुसरे हत्यार म्हणजे 'म्हणे'. 'नाटक लिहितो म्हणे' या वाक्यातला 'म्हणे' काढून पाहा, वाक्य साधी बातमी होते. तिसरे, 'मोठा' आणि 'आला' यांची जोडी: 'मोठा आला लेखक'. चौथे, उलट्या अर्थाने वापरून वापरून झिजलेले स्तुतीचे शब्द. दिवे लावणे, उजेड पाडणे, गुण उधळणे, मुक्ताफळे, प्रताप, महाभाग. मुक्ताफळ म्हणजे मोती, पण आज कुणी 'त्यांनी मुक्ताफळे उधळली' असे कौतुकाने लिहिले तर कौतुक करणाराच अडचणीत येईल. उपरोध फार वापरला की असा मरतो, उलटा अर्थ हाच सरळ अर्थ होऊन बसतो. म्हणून हे शब्द संवादात चालतील, निवेदनात ते शिळे लागतात.

उपरोधाचे सगळे बळ आवाजात असते आणि कागदावर आवाज नसतो, हा त्याचा मोठा धोका. मराठी छापखान्याने त्यावर कंसातल्या उद्गारचिन्हाचा उपाय काढला: 'त्यांच्या विद्वत्तापूर्ण (!) भाषणाने'. वर्तमानपत्री स्तंभात ते खपून जाते. कथेत ते म्हणजे वाचकाला कोपराने ढोसणे. त्याऐवजी वस्तुस्थिती शेजारीच ठेवा, जसे वरच्या वाक्यात घड्याळ ठेवले. घड्याळ दिसले की 'लवकर' हा शब्द आपोआप उलटतो.

परीक्षेच्या अंगाने कुणी वाचत असेल तर एवढे सांगतो की स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती असेल तर अलंकार व्याजस्तुती. खरे कारण लपवून भलतेच कारण सांगितले तर व्याजोक्ती. नावे सारखी वाटतात म्हणून उत्तरपत्रिकेत ती सर्रास एकमेकांच्या जागी बसतात.

तिसरे वाक्य नागपूरचे आहे, त्यामुळे त्यावर जरा रेंगाळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यालाच, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडेच्या नावाने केलेले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गलका होतो आणि सोबत बडगे असतात. बडग्याच्या अंगावर त्या वर्षीच्या एखाद्या संतापाची पाटी असते, आणि शेवटी सगळे जळते. आता तुमचे वाक्य: 'महागाईचा उपहास'. महागाईला लाज नाही, तिची किंमत कशी उतरवणार? उपहास त्याचाच होतो ज्याच्याकडे थोडातरी मान असतो आणि तो हिरावून घेता येतो: माणूस, पदवी, संस्था, रूढी, मत, स्वप्न. रोगराई, दुष्काळ, महागाई यांचा निषेध होतो, त्यांना हाकलतात, मारबतीसोबत पाठवतात. बडग्याची पाटी महागाईवरून ज्यांना हसते ते तुमच्या वाक्यातून गायब आहेत. 'महागाईवरून पुढाऱ्यांची रेवडी उडवणारी पाटी बडग्याच्या गळ्यात होती' असे लिहिले की निमित्त आणि लक्ष्य दोन्ही जागेवर येतात. आणि कुणी एकच पुढारी असेल तर पाटीवरचा मजकूरच द्या, तोच बोलेल.

बडग्यात आणखी एक गोष्ट घडते जी साहित्यातल्या उपहासातही घडते: फुगवणे. पोट मोठे, हात लांब, डोळे बटबटीत. उपहासाला मोजमाप बिघडवावे लागते. पण ओळख पटेल एवढेच बिघडवायचे. माणूस ओळखूच आला नाही तर उरते नुसते बुजगावणे.

चौथे वाक्य दुसऱ्या मित्राचे. आत्या चालून दाखवते, म्हणजे नक्कल करते. विडंबनाचा संस्कृतातला मूळ अर्थ नक्कल, अनुकरण असाच आहे. त्यातूनच मराठीत दोन शब्द दोन वाटांनी गेले: विडंबन साहित्याच्या वाटेने आणि विटंबना अप्रतिष्ठेच्या. तरी इथे मी 'विडंबन'ही लिहिणार नाही. विडंबनाला मूळ कृती लागते, कविता, भाषण, लेखनशैली. 'झेंडूची फुले' 1925 साली आली तेव्हा अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने समकालीन कवींच्या लकबी उचलल्या होत्या. ज्याला मूळ लकब ठाऊक त्यालाच त्यातली खरी गंमत कळते. आत्या चालीची नक्कल करते त्याला घरगुती शब्द आहे, वेडावणे. 'आत्याने त्याच्यासारखे चालून त्याला वेडावून दाखवले.' संपले.

इथवर आलेले जरा गोळा करतो. हसून छळले तर टर, टिंगल. उलटे बोलून टोचले तर उपरोध. नकलेने चिडवले तर वेडावणे, आणि ती नक्कल साहित्यकृतीची असेल तर विडंबन. या साऱ्यांतून एखाद्या मोलाच्या गोष्टीची किंमत उतरवली गेली, असे कुणाला तरी म्हणायचे असेल तेव्हाच उपहास.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, साहित्यात उपहास वापरतात कसा. इथे उपहास करणारे पात्र आणि उपहास करणारा लेखक यांत गल्लत करू नका. पात्र करते तेव्हा वाचकाची माया बहुतेक वेळा बळीकडे जाते. लेखक करतो तेव्हा वाचकाने लेखकाच्या बाजूला येऊन हसावे लागते, आणि त्याला तिकडे आणणे हेच कसब.

एक रीत म्हणजे तर्क शेवटपर्यंत ओढणे. 'नवसे कन्यापुत्र होती । तरी का करणे लागे पती' यात तुकोबांनी नवस करणाऱ्यांना शिवी दिलेली नाही. त्यांचेच म्हणणे खरे धरले आणि एक पायरी पुढे नेले. हसू त्या पायरीवर येते. दुसरी रीत म्हणजे मोठी पदवी लहान माणसाला देणे. 'ऐसे संत झाले कळी । तोंडी तमाखूची नळी' यात 'संत' हा शब्द काढून 'भोंदू' घातला तर उरेल फक्त निंदा. 'संत' ठेवल्यामुळेच तंबाखूची नळी दिसते. तिसरी रीत यादीची. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे आहेत आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची वेगळी लक्षणे आहेत. शांत सुरात एकापुढे एक लक्षण येत जाते आणि वाचता वाचता एखादे आपल्यालाच लागू पडते. यादीत सूर चढवला की हा परिणाम जातो.

चौथी रीत मला सर्वांत अवघड वाटते: ज्याला हसायचे त्यालाच बोलू देणे. एकनाथांच्या 'सत्वर पाव गे मला' या भारुडातली बाई भवानीला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरचे एकेक माणूस वाटेला लावायला सांगते. विदर्भात गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा प्रत्येकाने खाल्लेला असतो, त्यामुळे मागणी केवढी आणि मोबदला केवढा हे इथल्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. नाथ मध्ये कुठेही 'पाहा ही कशी मूर्ख' असे म्हणत नाहीत. शेवटी ती 'एकलीच राहू दे मला' म्हणते आणि हसता हसता भारुड अध्यात्माकडे वळते, सासर म्हणजे माणसाला जखडणारे पाश असा अर्थ उलगडतो. निवेदक मध्ये तोंड घालत राहिला असता तर हे वळण घेताच आले नसते.

हीच रीत गद्यात रुजवली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. 1871 साली नागपुरातच जन्मलेला हा लेखक. 'सुदाम्याचे पोहे'मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी जुन्या रूढी नाकारत नाही, उलट उत्साहाने पाळायला निघते, आणि त्या उत्साहातच रूढी उघडी पडते. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेखन करत. 1919 साली नागपूरजवळच्या सावनेरला ते वारले. या परंपरेची आजच्या वाचकाला जाणवणारी अडचण म्हणजे कोट्यांची गर्दी. कोटी शब्दाला हसवते, उपहास कल्पनेला. एका वाक्यात दोन्ही आले की वाचक कोटीला दाद देतो आणि मुद्दा निसटतो.

आता बिघाड कुठे होतो ते. तुमच्या कथेतच एक आहे आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. नायक, शेठजी, आत्या सगळे पुस्तकी मराठी बोलतात. वऱ्हाडी फक्त एकाच्या तोंडी आहे, दुकानातल्या हमालाच्या, आणि तो जिथे येतो तिथे हसे होते. त्याला हसावे असा तुमचा हेतू नसेल, पण पानावर तो तसाच दिसतो. हमाल बाजूला राहतो आणि बोलीच हास्यास्पद ठरते. नागपूरच्या वाचकाला हे ताबडतोब टोचते, कारण 'मले', 'तुले', 'काऊन' ऐकून हसणारी माणसे त्याने पाहिलेली असतात. उपाय सोपा आहे. आत्यालाही वऱ्हाडी द्या, नायकालाही घरात द्या, आणि दुकानात शिरताच त्याची भाषा बदलू द्या. मग हसू बोलीवरून उठून त्या बदलण्यावर जाते, आणि तुमची कथा मुळात त्याच्याबद्दलच आहे.

दुसरा बिघाड क्रियाविशेषणांचा. 'उपहासाने', 'कुत्सितपणे', 'खवचटपणे', 'छद्मीपणाने' ही चौकडी संवादाच्या मागे उभी राहिली की समजावे, संवाद कच्चा आहे. यांतले एकेक झाकून वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ तोच राहिला तर शब्द उडवा. अर्थ गेला तर संवाद पुन्हा लिहा. शब्द ठेवून भागवणे हा शेवटचा मार्ग. विशेषणांतही एक काळजी घ्या. उपहासात्मक लेख म्हणजे ज्यात उपहास केला आहे तो. उपहासास्पद लेख म्हणजे ज्याचा उपहास व्हावा तो. परीक्षणात यांची अदलाबदल झाली तर लेखक महिनाभर बोलत नाही.

हे सगळे कथेपुरते. लेखाचा प्रकार बदलला की मापे बदलतात. वैचारिक लेखात 'या मताचा उपहास झाला' असे सरळ लिहायला हरकत नाही, कारण तिथे निवाडा देणे हेच काम असते. वात्रटिकेत चार ओळींत शब्द खर्चायला जागाच नसते. पहिल्या पुरुषी निवेदनात दुखावलेला माणूस 'उपहास' हा शब्द वापरू शकतो, पण तो शिकलेला हवा. तुमच्या नायकाची आई तो कधीच वापरणार नाही, ती 'हसू केलं माया पोराचं' म्हणेल, आणि ते जास्त लागेल.

राहिले पाचवे वाक्य. 'घरच्यांनी आयुष्यभर त्याच्या नाटकाचा उपहासच केला.' हे ठेवा. इथे एक प्रसंग नाही, वर्षांचा हिशेब आहे, आणि हिशेब मांडणाऱ्याला निवाड्याचा अधिकार असतो. लक्ष्य म्हणजे त्याचे नाटक, जे मोलाचे आहे हे तोवर वाचकाला कळलेले असते. फक्त 'उपहासच' मधला 'च' काढा. त्याने निवेदक रुसल्यासारखा वाटतो. आणि हा शब्द आधीच्या चार ठिकाणांहून खरोखर निघाला आहे ना, ते एकदा शेवटच्या खर्ड्यात शोधून पाहा, कारण सोळाव्या पानावर, जिथे मास्तर त्याची वही परत करतात, तिथे तो अजून एकदा बसलेला आहे. तिथे मास्तरांनी वही न उघडताच परत केली, एवढेच पुरे.